रोग कोण लपवितो?

साथ आली म्हणजे सरकारास कायदा आठवतो, वैद्यांस औषध आठवतें आणि लोकांस देव आठवतो. साथ ओसरली म्हणजे तिघेही आपापलें काम विसरतात. कोव्हिडच्या साथीस आतां कांहीं वर्षें लोटलीं. त्या दिवसांत ज्या गोष्टी उभ्या देशानें डोळ्यांनीं पाहिल्या, त्यांची आठवण इतक्यांतच पुसट झाली आहे. २०२४ सालीं विधि-आयोगानें आपल्या २८६ व्या अहवालांत असा स्पष्ट अभिप्राय दिला कीं, १८९७ चा साथरोगांचा कायदा अपुरा असून एक तर त्यांत भरीव दुरुस्ती करावी, नाहीं तर त्याच्या जागीं नवा सर्वंकष कायदा करावा. या अहवालाचा जितका ऊहापोह आमच्या सभांतून व बाजारपेठांतून व्हावयास पाहिजे होता तितका झाला नाहीं. पुढची साथ दाराशीं येईपर्यंत वाट पाहून मग कायद्याचीं पानें उलटीत बसणें म्हणजे घराला आग लागल्यावर विहीर खणणें होय. यासाठीं या विषयाकडे आमच्या वाचकांचें, त्यांतही व्यापारी वर्गाचें, लक्ष वेधणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. संसर्गजन्य रोगाचें बळ त्याच्या जंतूंत जितकें असतें तितकेंच तो लपून राहण्यांत असतें. उघडकीस आलेल्या रोग्यास औषध देतां येतें, वेगळें ठेवितां येतें, त्याच्या शेजाऱ्यांस सावध करितां येतें. लपविलेला रोगी स्वतः मरतो आणि आणखी दहांस मारतो. तेव्हां साथीच्या कायद्याची खरी कसोटी एकच आहे: त्या कायद्यामुळें मनुष्य आपला रोग होऊन सांगावयास पुढें येतो, कीं दाराला आंतून कडी लावून बसतो? या कसोटीला लावून पाहतां गेल्या सव्वाशें वर्षांचा आमचा कायदा उतरत नाहीं, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.

इतिहास पाहा. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली, धान्याच्या वखारींची दाट वस्ती. जेथें धान्य तेथें उंदीर, आणि जेथें उंदीर तेथें पिसवा. परंतु उंदीर, पिसू आणि मनुष्य ही साखळी त्या वेळीं शास्त्रज्ञांसही उमगलेली नव्हती. प्लेगचा जंतु येर्सिन यांनीं १८९४ सालीं हाँगकाँग येथें शोधून काढला होता. पण तो पिसवेच्या चावण्यानें पसरतो हें सीमाँ यांनीं कराची येथें दाखविलें तें १८९८ सालीं, आणि विद्वानांनीं तें मान्य करावयास पुढें आणखी कांहीं वर्षें गेलीं. इकडे मुंबई पडली व्यापाराची राजधानी. प्लेग हें नांव निघालें कीं परदेशचीं बंदरें मालास बंद होणार, भाव कोसळणार आणि हुंडी पटणार नाहीं, ही धास्ती पेढ्यांतून होती व कचेऱ्यांतूनही होती. म्हणून पहिले कित्येक दिवस या रोगास त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारावयास अनेकांची जीभ धजेना. रोग लपविण्याची सुरुवात अशी वरून झाली. गरिबाच्या झोपडींत ती मागाहून पोंचली. मग लोक शहर सोडून पळत सुटले, आणि आगगाड्यांनीं व गलबतांनीं रोगही त्यांच्याबरोबर प्रवासास निघाला. १८९१ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ भरली होती. १९०१ च्या शिरगणतींत ती ७,७६,००६ भरली. भरभराटीच्या शहराची वस्ती दहा वर्षांत वाढण्याऐवजीं घटली, यावरून काय अनर्थ झाला असेल त्याची कल्पना करावी.

या धामधुमींत ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा मंजूर झाला. मूळच्या कायद्याचीं कलमें अवघीं चार. पहिल्यांत कायद्याचें नांव. दुसऱ्यानें सरकारास असा अधिकार दिला कीं, धोक्याची साथ आली आहे व नेहमींचे कायदे पुरेसे नाहींत असें सरकारास वाटल्यास त्यानें हवे ते तात्पुरते नियम करावे, रेल्वेच्या उतारूंची तपासणी करावी व संशयितांस वेगळें ठेवावें. तिसऱ्या कलमानें नियम मोडणारास दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाप्रमाणें शिक्षा सांगितली. चौथ्यानें असें ठरविलें कीं, या कायद्याखालीं सद्भावनेनें केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा चालावयाचा नाहीं. बस्स, संपला कायदा! धोक्याची साथ कोणती याची व्याख्या त्यांत नाहीं. रोग्यास अन्न कोणीं द्यावें, वेगळें ठेविलेल्या मजुराच्या मुलांबाळांचें काय करावें, हुकूम चुकीचा असला तर दाद कोठें मागावी, यांविषयीं एक अक्षर नाहीं. नुकसानभरपाईचा उल्लेख आहे, पण तो 'असल्यास' या शब्दाची शेपटी लावून. कायद्याच्या अभ्यासकास हा एक शब्द पुरेसा बोलका आहे. प्रजेच्या अंगावर कर्तव्याचा सगळा भार आणि सरकारच्या हातांत अधिकाराचा सगळा दंड, अशी ही वाटणी झाली.

या वाटणीचें फळ पुण्यानें चाखलें. १८९७ च्या मार्चमध्यें रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीनें गोऱ्या सोल्जरांच्या हातून घरांची झडती सुरू केली. माजघर, स्वयंपाकघर, देवघर, कोठेंही प्रतिबंध राहिला नाहीं. स्त्रियांच्या अब्रूचा विचार राहिला नाहीं. संशयावरून माणसें छावणींत नेलीं, सामान जाळलें, भिंतींस चुना फासला. ज्या पिसवेनें रोग येत होता तिला या सर्व खटाटोपाची फारशी बाधा झाली नाहीं. बाधा झाली ती लोकांच्या विश्वासाला. घरांत गांठ उठलेला रोगी आहे ही बातमी बाहेर फुटली तर सोल्जर येतील, या भीतीनें माणसें आपल्या माणसांचें दुखणें लपवूं लागलीं, आणि लपविलेल्या दुखण्यानें शेजार नासला. २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं रँड यांच्यावर गोळी झाडली. त्याच रात्रीं लेफ्टनंट आयर्स्ट यांचाही अंत झाला. पुढें फांशीच्या शिक्षा झाल्या, आणि लेखांवरून राजद्रोहाचा आरोप ठेवून लोकमान्य टिळकांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्या गोळ्यांनीं प्लेगचा एकही रोगी बरा झाला नाहीं, आणि त्या शिक्षांनींही झाला नाहीं. पुढें दोनतीन वर्षांत सरकारनेंच सक्तीचा हात सैल केला, हीच त्या धोरणाच्या अपयशाची कबुली होती.

त्याच वर्षीं त्याच शहरांत दुसरी रीतही दिसून आली. टिळकांनीं शहर न सोडतां रोग्यांसाठीं इस्पितळ उघडलें. सावित्रीबाई फुले यांनीं आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत रोग्यांची शुश्रूषा केली, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें त्यांचा देह पडला. तिकडे मुंबईंत डॉ. हाफकिन यांनीं प्लेगची लस तयार केली व लोकांस टोंचण्यापूर्वीं १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. हुकूम सोडणारा आणि आपल्या देहावर प्रथम प्रयोग करणारा, या दोहोंत लोक कोणावर विश्वास ठेवतील हें सांगावयास नको. परळची प्रयोगशाळा आजही हाफकिन यांच्या नांवानें ओळखली जाते. प्लेग कमिट्यांचें नांव कोणी आदरानें घेत नाहीं.

परंतु सगळा दोष सरकारच्या माथीं मारून हात झटकणें आम्हांस मान्य नाहीं. परकी सरकारची दंडेली जितकी खरी, तितकीच आमच्या समाजाची अनास्थाही खरी. इस्पितळांत आपल्या जातीचा स्वयंपाकी नाहीं म्हणून रोग्यास घरांतच कुजत ठेवणारे लोक त्या वेळीं होते. टोंचून घेतल्यानें धर्म बुडतो अशी भुमका उठविणारेही होते. आणि ज्याच्या घरीं रोग निघाला त्यास वाळींत टाकल्याप्रमाणें वागविणारे शेजारी १८९७ सालीं होते, तसे २०२० सालींही होते. त्या वर्षीं रुग्णांची सेवा करून घरीं परतलेल्या परिचारिकांस भाड्याची खोली सोडण्यास सांगणारे घरमालक याच देशांत निघाले. ज्या समाजांत रोगी होणें हा गुन्हा ठरतो, त्या समाजांत रोग कधींच स्वतःचें नांव सांगत नाहीं. सोल्जरच्या भीतीपेक्षां शेजाऱ्याच्या तिरस्काराची भीति कांहीं कमी नसते.

दुसरी एक समजूत आमच्यांत रूढ आहे कीं, साथ राव व रंक पाहत नाहीं. ही समजूत ऐकावयास गोड आहे, पण आंकड्यांपुढें टिकत नाहीं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथींत हिंदुस्थानांत सव्वा ते दोन कोट माणसें मेलीं असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दशकांत देशाची एकूण लोकसंख्या घटली, आणि असें घडलेलें हें आमच्या शिरगणतींतील एकमेव दशक होय. त्या साथींत मुंबई शहरांतील मृत्यूचें प्रमाण पाहा: युरोपियनांत हजारीं ८.३, पारशांत ९, आणि ज्यांस त्या वेळच्या सरकारी कागदांत खालच्या जातींचे हिंदु म्हटलें जाई त्यांच्यांत हजारीं ६१.६. एकच शहर, एकच हवा, एकच रोग, आणि मृत्यूंत सातपटींहून अधिक अंतर! जंतूस जात कळत नाहीं हें खरें; पण जात व दारिद्र्य ज्या अंधाऱ्या खोलींत माणसांस कोंबतात ती खोली जंतूस बरोबर सांपडते. म्हणून साथीचा विचार हा घरांचा, पाण्याचा, मजुरीचा आणि अन्नाचा विचार आहे. केवळ पोलिसांच्या काठीनें तो सुटावयाचा नाहीं.

आतां आपल्या काळाकडे येऊं. २०२० च्या मार्चमध्यें कोव्हिड आला तेव्हां देश स्वतंत्र होऊन सत्तर वर्षांहून अधिक काळ झाला होता. तरी राज्य सरकारांनीं कपाटांतून काढलें तें १८९७ चेंच शस्त्र. त्याच्या जोडीस २००५ चा आपत्ति-व्यवस्थापनाचा कायदा घेऊन २४ मार्चच्या रात्रीं अवघ्या चार तासांच्या अवधीनें सबंध देश बंद करण्यांत आला. रोगाचा वेग पाहतां कांहीं निर्बंध अवश्य होते, याबद्दल आमचा वाद नाहीं. पण रोजच्या मजुरीवर ज्याची चूल पेटते त्यानें घरीं बसावें असा हुकूम काढतांना, त्याची चूल कशी पेटावी याची तरतूद त्याच कागदावर असावयास नको होती काय? ती नव्हती म्हणून लक्षावधि मजूर उन्हांतून पायीं आपल्या गांवीं निघाले. ८ मे २०२० च्या पहांटे तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांत करमाडजवळ रुळांवर थकून झोंपलेले सोळा मजूर मालगाडीखालीं सांपडून मेले. ते जालन्याहून चालत निघाले होते. त्यांस कोणत्या रोगानें मारलें? आमच्या मतें, ज्या कायद्यांत अधिकार आहे पण कर्तव्य नाहीं, त्या कायद्याच्या रोगानें मारलें.

त्याच वर्षीं या कायद्यास दुरुस्ती झाली. डॉक्टर व परिचारिका यांवर हात टाकणारास पांच वर्षांपर्यंत, आणि गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद करण्यांत आली. जे आपला जीव धोक्यांत घालून दुसऱ्याचा जीव वांचवितात त्यांस संरक्षण मिळालेंच पाहिजे. ही दुरुस्ती योग्यच झाली. पण त्या डॉक्टरास हातमोजे व मुखपट्टी पुरविण्याचें कर्तव्य कोणाचें, हें तींत लिहिलेलें नाहीं. शिक्षेची कलमें वाढलीं; जबाबदारीचें एकही कलम वाढलें नाहीं.

कोणी म्हणेल, साथीच्या वेळीं हक्कांच्या गोष्टी कसल्या सांगतां? त्या वेळीं हुकूम आणि हुकमाची तामिली याखेरीज दुसरें कांहीं चालत नाहीं. या आक्षेपास आमच्याच देशाचा इतिहास उत्तर देतो. देवीचा रोग हजारों वर्षें या भूमींत ठाण मांडून होता. त्याच्या निर्मूलनाच्या शेवटच्या मोहिमेंत कोठें कोठें बळजबरीही झाली हें नाकारतां येत नाहीं. पण मोहिमेचा खरा कणा होता तो घरोघर जाऊन विचारपूस करणारे सेवक आणि रोग्याची खबर आणणारास दिलेलें बक्षीस. खबर देणारास जेथें पूर्वीं भीति होती तेथें आतां इनाम मिळूं लागलें, आणि १९७५ च्या मे महिन्यानंतर या देशांत देवीचा नैसर्गिक रोगी सांपडला नाहीं. १८९७ च्या झडतीनें जें साधलें नाहीं तें या विचारपुशीनें साधलें. लोकांचा विश्वास ही साथीच्या वेळची चैन नसून, पहिल्या दिवसापासून लागणारें तें पहिलें साधन आहे.

आमच्या व्यापारी बंधूंस आणखी एक उदाहरण सांगणें अवश्य वाटतें. १९९४ सालीं प्रथम आमच्या बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं, आणि पुढें सप्टेंबरांत सुरतेस प्लेग निघाल्याची बातमी पसरली. सुरतेंत मृत्यु पन्नासाच्या आसपास झाले. पण भीतीनें लक्षावधि लोक पळाले, कारखाने व हिऱ्यांच्या घंट्या ओस पडल्या, कित्येक देशांनीं आमच्या मालास व विमानांस बंदी केली. खानदेशांतून पोटासाठीं सुरतेस गेलेलीं कुटुंबें रात्रींतून परत फिरलीं. रोगानें जितकें नुकसान केलें त्याच्या कितीतरी पट नुकसान घाणीनें व घबराटीनें केलें. पुढें १९९५ पासून तेथील नगरपालिकेनें कचरा, गटारें व उपाहारगृहें यांवर शिस्त बसविली, मोठ्यांच्या बेकायदा बांधकामांसही हात घातला, आणि देशांतील गलिच्छ म्हणून हिणविलेलें शहर थोड्या वर्षांत स्वच्छतेसाठीं नांवाजलें गेलें. आरोग्यावरील खर्च हा धर्मादाय खर्च नसून पेढीच्या भांडवलावरील विमा आहे, हें गणित व्यापाऱ्यांखेरीज कोणास अधिक चांगलें कळावें?

तेव्हां नव्या कायद्यांत काय असावें? आमच्या मतें पांच गोष्टी अवश्य पाहिजेत. पहिली, धोक्याची साथ कोणती, ती कोणाच्या शास्त्रीय सल्ल्यानें जाहीर व्हावी व असाधारण अधिकार किती दिवस टिकावे, याची मर्यादा कायद्यांतच असावी, आणि मुदत वाढवावयाची तर ती विधिमंडळास विचारून वाढवावी. दुसरी, ज्यास वेगळें ठेवावयाचें त्याच्या अन्नाची, औषधाची व बुडालेल्या मजुरीची जबाबदारी सरकारनें घ्यावी; ज्याचा माल वा घर लोकहितासाठीं नष्ट करावयाचें त्यास भरपाई द्यावी, आणि तो 'असल्यास' शब्द खोडून टाकावा. तिसरी, झडती व तपासणी लेखी हुकमानें व्हावी, स्त्रियांची तपासणी स्त्रियांनींच करावी, आणि चुकीच्या हुकमावर थोड्या दिवसांत दाद मागतां यावी. चौथी, रोगाचे व मृत्यूचे खरे आंकडे रोज प्रसिद्ध करणें बंधनकारक असावें, आणि प्रथम वाईट बातमी देणाऱ्या डॉक्टरास वा पत्रकारास संरक्षण असावें. पांचवी, नगरपालिका व ग्रामपंचायती यांस अधिकाराबरोबर पैसा व आरोग्याधिकारीही मिळावा. यांसाठीं दिल्लीच्या तोंडाकडे पाहत बसण्याचें कारण नाहीं. सार्वजनिक आरोग्य हा विषय घटनेनें राज्यांच्या सूचींत घातला आहे. मद्रास प्रांतानें १९३९ सालीं आणि केरळ राज्यानें २०२३ सालीं सार्वजनिक आरोग्याचे स्वतःचे कायदे केले. ज्या महाराष्ट्राच्या भूमीवर प्लेगनें व प्लेगच्या कायद्यानें सर्वांत खोल जखमा केल्या, त्यानें या बाबतींत मागें राहावें हें त्यास शोभत नाहीं.

आणि कायदा होईल तेव्हां होवो; आपलें काम आजच सुरू होऊं शकतें. साथ नसतांनाही एक रोग आमच्या चाळींतून, गिरण्यांतून व दुकानांच्या माळ्यांवर रोज माणसें नेत आहे, तो क्षय होय. २०२३ या एका वर्षीं जगांतील क्षयाच्या नव्या रुग्णांपैकीं चौथा हिस्सा, म्हणजे सुमारें २८ लक्ष, आमच्या देशांत होते, आणि मृत्यु तीन लक्षांच्या घरांत होते. २०१२ पासून या रोगाची नोंद करणें डॉक्टरांवर बंधनकारक आहे. औषधें सरकारी दवाखान्यांत फुकट आहेत. पोषणासाठीं रुग्णास दरमहा रक्कमही मिळते. असें असूनही रोग लपतो. कां? मुलीचें लग्न मोडेल म्हणून, गुमास्त्याची नोकरी जाईल म्हणून, बिऱ्हाड सोडावें लागेल म्हणून. हीं तिन्ही कारणें सरकारच्या हातचीं नाहींत. तीं तुमच्याआमच्या हातचीं आहेत. जो दुकानदार आपल्या खोकणाऱ्या नोकरास घालवून देतो तो रोग घालवीत नाहीं, तो त्याला दुसऱ्या दुकानांत पाठवितो. जो त्यास पगार चालू ठेवून दवाखान्यांत पाठवितो तो एका माणसाबरोबर सबंध पेठेस वांचवितो.

परक्यांच्या राज्यांत आम्ही प्रजा होतों, म्हणून आम्हांस हुकूम मिळाले. स्वराज्यांत आम्ही नागरिक आहों. आमच्याकडून कर्तव्याची अपेक्षा करणाऱ्या कायद्यानें आपलेंही कर्तव्य लिहून दिलें पाहिजे, अशी मागणी करण्याचा आम्हांस पूर्ण अधिकार आहे. तो अधिकार बजावण्याची वेळ साथीच्या धामधुमींत नसते, ती शांततेच्या काळांत असते. येत्या निवडणुकींत मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास, मग तो विधानसभेचा असो कीं नगरपालिकेचा, आमच्या वाचकांनीं एकच प्रश्न विचारावा: साथ आली तर आमच्यापैकीं गरिबांतला गरीब मनुष्य न भितां आपला रोग सांगेल, अशी कोणती व्यवस्था तुम्हीं केली आहे?